मोहाखालचा डोकरा

६ मार्च १९३७

गोंदियाला गाडी बदलताना एका व्यापाऱ्याची वळकटी वरच्या फळीवरून माझ्या तोंडावर पडली आणि चष्म्याची दोन्ही भिंगे फुटली. त्याने क्षमा मागितली नाही. ‘बच गयी बाई, आँख सलामत है,’ म्हणाला आणि पान लावायला बसला. सालेकसा स्टेशनावर उतरल्याबरोबर फ्रेम आणि नंबराची चिठ्ठी गार्डाच्या हाती नागपूरला धाडली. महिना लागेल म्हणतात. हाताच्या अंतरावरचे मला स्वच्छ दिसते, त्यामुळे लिहिणे-वाचणे अडत नाही. त्यापलीकडे सगळे फडक्याने पुसलेल्या पाटीसारखे. इथे पाहण्यासारखे काही असेल असे वाटत नाही, तेव्हा फार बिघडले नाही.

अक्काचे पत्र माझ्या आधीच येऊन पडले होते. ‘तिकडे वाघ, अस्वले फिरतात म्हणे. तुझ्या वयाला हे शोभते का?’ अक्काला पुण्यातल्या गल्लीतल्या कुत्र्याचीही भीती वाटते. उत्तर लिहिले: नागपुरात शाळेच्या कमिटीबरोबर हयात काढली, श्वापदांचे मला काय सांगतेस. शिवाय इथले लोक त्यांचे नावसुद्धा काढत नाहीत.

गावचे मालगुजार झामसिंग पटेल ह्यांनी शाळेसाठी आपला गाडीखाना दिला आहे. त्यांचे पूर्वज माळव्यातून आले, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत दोनदा सांगितले. मुलींना शिकवण्याची अक्कल बहुधा माळव्यातच राहिली. चैत्रात इन्स्पेक्टर येणार. त्या दिवशी वर्ग मुलींनी भरलेला दिसला तर शाळा चालेल. नाही तर बैलबंड्या परत आत येतील. पटलांचा कल बंड्यांकडे आहे.

गावाभोवती मोहाची झाडे पाने गाळून उभी आहेत. लवकरच फुले पडू लागतील आणि सारे गाव ती वेचायला पळेल, असे पाणी भरणारी रुख्मा सांगते. दारूच्या नावाने एवढा उत्साह.

१५ मार्च

ऊन तापू लागले म्हणून सकाळची शाळा ठेवली. आल्या कोण, तर पटलांच्या पुतण्या, आणि त्या एकमेकींना बांगड्या दाखवायला. शिकण्याजोग्या मुली सगळ्या नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, आहेत. रुख्मा तिथलीच. तिची दुलारी मी एकदा पाहिली आहे. एकदा सांगितलेले अक्षर परत विचारावे लागत नाही. तीही आली नाही.

‘दुलारीला का पाठवले नाहीस?’

‘कशी पाठवू बाई? मोह पडून राहिला. वाटेत डोकरा बसते.’

डोकरा म्हणजे इकडच्या बोलीत म्हातारा. पुरुषालाही हे लोक ‘बसते’, ‘येते’ म्हणतात, आणि बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी जातो’ म्हणतात. व्याकरण नावाची वस्तू ह्या बाजूला रेल्वेने अजून उतरवलेली दिसत नाही.

‘कोण डोकरा?’

‘काळा डोकरा. कचारगडाच्या अंगानं येते. झुंजुरकाच येते, मोह खाते, पोट भरलं का जाते. पन वाटेत कोनी गावलं तं मंग सोडत नाही.’

‘नाव काय त्याचे?’

रुख्माने कानाला हात लावला. ‘नाव नोको घ्या बाई. मोहाच्या दिवसात त्याचं नाव नाही घ्या लागत. घेतलं का येते.’

म्हणजे एक दारुडा म्हातारा पहाटे उठून मोहाखाली लोळतो, बायामुलींची वाट अडवतो, आणि नवऱ्याचे नाव न घेण्याची सवय असलेल्या ह्या बायका त्याचेही नाव घेत नाहीत. तुमचे पुरुष काय करतात, असे विचारले. ‘ते बी भेतेत,’ म्हणाली, आणि घागर उचलून गेली.

१६ मार्च

पटलांना जाऊन सरळ विचारले, की एका म्हाताऱ्याला तुम्हाला आवरता येत नाही?

‘त्याले कोण आवरणार, बाईसाहेब? माझ्या वडिलांच्या वक्तापासून हेच आहे. आधी त्याचा बाप येत होता.’

‘मग तुम्ही काहीच करत नाही?’

‘बंदूक आहे आपल्याजवळ. पण रिझर्व जंगल आहे ना. जंगलखात्याच्या साहेबाले विचारलं तर परमिट देत नाही. वरून म्हणते, तोच राहतो इथं, तुम्ही लोक त्याच्या वाटेत जाता.’

बंदुकीचा विषय मी काढला नव्हता. एका बेवड्यासाठी बंदूक. मालगुजारी डोके याहून पुढे जात नाही. पण कळायचे ते कळले. पिढीजात वशिला आहे आणि जंगलखाते त्याच्या पाठीशी आहे. अशी माणसे मी नागपुरात कमिटीवर पाहिली आहेत. तिथे ती धुतलेले धोतर नेसतात, एवढाच फरक.

२० मार्च

पटलांची बंडी हाकणारा उदाराम आज फळा घेऊन आला. प्रथमच जवळून त्याचा चेहरा पाहिला. डावी बाजू ओढून शिवल्यासारखी, एक डोळा नाही.

‘हे कोणी केले?’

‘डोकऱ्यानं, बाई.’

‘पोलिसात गेलास?’

‘रिपोट?’ तो अर्ध्या तोंडाने हसायला लागला. ‘शिपाई म्हनन, मुलजिमाले संगं घेऊन ये.’

‘मग तू केलेस तरी काय?’

‘पालथा पडून राहिलो. मान दोन्ही हातानं झाकली. त्यानं हुंगलं, अन् गेला. पळालो असतो तं आज फळा कोनी आनला असता?’

एक माणूस तोंड फोडतो, आणि दुसरा पालथा पडून राहतो, आणि वर ते शहाणपण म्हणून सांगतो. मी आणखी विचारले तेव्हा एक संपूर्ण आचारसंहिता बाहेर आली. मोहाखाली जाताना मोठ्याने बोलत जावे, खाकरावे, टाळ्या वाजवाव्या, म्हणजे डोकऱ्याला आधी कळते आणि तो बाजूला होतो. एकटे जाऊ नये. तो दिसला तर पाठ दाखवून पळू नये. कुत्रा नेऊ नये. कुत्रा त्याला डिवचतो आणि मग जीव वाचवायला मालकापाशी पळत येतो. आणि कधी कधी डोकरी असते, दोन लेकरे पाठीवर घेऊन. तिच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नये.

म्हणजे संसारही आहे. ह्या वयात दोन लेकरे, आणि ती बिचारी त्यांना पाठीवर घेऊन रानोमाळ हिंडते. तिच्याबद्दल मला वाईट वाटले. तिचा राग कोणावर आहे हे उघड आहे.

टाळ्या! सरदाराची स्वारी निघाली की रयतेने बाजूला व्हायचे, हे मी इतिहासात शिकवत आले. इथे रयत स्वतःच भालदार-चोपदार होऊन एका दारुड्याला आपली वर्दी देते. माझ्या शाळेच्या मुली कोणाच्या मोठेपणासाठी टाळ्या वाजवणार नाहीत.

२३ मार्च

दुपारी छत्री घेऊन टोल्याच्या वाटेने जाऊन आले. कोणी भेटले नाही. दुपारी तो झोपत असणार. वाटेच्या कडेची वारुळे खोल उकरून ठेवलेली आहेत. उदाराम म्हणतो, डोकरा उधई, म्हणजे वाळवी, खातो. मला ते खरे वाटत नाही. पुरलेले धन शोधत असेल, किंवा वेड लागले असेल. झाडांच्या सालीही ओरबाडलेल्या. हात लावून पाहिल्या: चार-पाच समांतर रेघा, खोल. रिकामटेकड्यांना झाडावर नाव कोरण्याची खोड सगळीकडे असते. ह्याला तर नावही लिहिता येत नाही.

२८ मार्च

शिमगा संपला. गाव शुद्धीवर येत आहे.

पटलांनी निरोप पाठवला, की मोह संपेपर्यंत शाळा बंद ठेवावी. मोह संपेपर्यंत इन्स्पेक्टर येऊन जाईल, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. मी रुख्माला म्हटले, परवापासून टोल्यावरच्या मुलींना आणायला मी स्वतः येते.

‘तुमी? झुंजुरकाच?’

‘हो.’

‘काऊन बाई, तुमाले भेव नाही वाटत?’

‘त्याला वाटायला हवे. मुली ओळीने चालतील. गप्प, मान वर करून. टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही.’

रुख्माने घागर खाली ठेवली. मग म्हणाली, ‘बाई, मले एकच पोरगी आहे.’

‘म्हणूनच,’ मी म्हणाले.

३० मार्च

भेट झाली. जे झाले ते नीट लिहून ठेवते. पुढेमागे कोणी साक्ष विचारली तर उपयोगी पडेल.

मुली टोल्यावरून घेतल्या. सांगितल्याप्रमाणे ओळीने, तोंडातून ब्र नाही. उजेड अर्धामुर्धा होता. मोठ्या मोहाच्या वळणावर तो सापडला. काळी केसाळ घोंगडी डोक्यावरून घेऊन, हातापायांवर ओणवा होऊन, जमिनीवरची फुले तोंडानेच खात होता. उचलून खाण्याचीही शुद्ध नाही. भुरकण्याचा आवाज असा, की श्राद्धाच्या पंगतीत खिरीवर तुटून पडणारे आमचे आप्तही लाजतील. वास तर सांगवत नाही.

मागे कोणीतरी माझे लुगडे घट्ट धरले. मी हलले नाही. शेवटच्या बाकासाठी जो आवाज वापरते, सावकाश आणि खालचा, त्या आवाजात म्हणाले, ‘उठा.’

तो उठला. उभा राहिल्यावर माझ्याहून काही फार उंच नाही. नाकातून आवाज काढला, झुलला. मी छत्री उघडून समोर धरली. अशा माणसाचे ध्यान मुलींच्या दृष्टीस पडू नये म्हणून. आणि वय पाहून अहो-जाहोच केले.

‘लाज वाटायला हवी तुम्हाला. घरचे माणूस लेकरे पाठीवर घेऊन वणवण करते, आणि तुम्ही इथे लोळता. ह्या वाटेने मुली शाळेत जाणार आहेत. रोज. बाजूला तुम्ही व्हायचे, त्यांनी नाही. जंगलखाते तुमच्या पाठीशी असेल, पण मी जंगलखात्याला ओळखत नाही. आणि पुन्हा ह्या मुलींसमोर याल तेव्हा घोंगडीखाली काही नेसून या.’

उत्तर द्यायची त्याची लायकी नव्हतीच. थोडा वेळ हुंगल्यासारखे केले, मग पुन्हा हात टेकले आणि ढेंगा टाकत झाडीत गेला. सरळ चालताही येत नाही इतकी चढलेली.

मुलींची ओळ मोडली नाही. शाळेत आल्यावर दुलारीच्या हातात पेन्सिल दिली तर हात गार पडला होता. सकाळचा वारा अजून बोचतो.

१ एप्रिल

काल आणि आज सगळा टोला दारात. झामसिंग पटेल स्वतः नारळ घेऊन आले; बसा म्हटले तरी बसेनात. उदारामने माझ्या पायावर डोके ठेवले. त्याला उठवताना मला संकोच वाटला. गाडीखाना मुलींनी भरला आहे. पटलांच्या पुतण्यांना बसायला जागा उरली नाही, हे बरेच झाले.

एका म्हाताऱ्याला चार शब्द सुनावले, त्याचे केवढे अप्रूप. धैर्य ही ह्यांना जादू वाटते. रुख्मा तर म्हणाली, ‘तुमी सांगितलं ना त्याले, आता नाही करन.’ मी म्हटले, नाहीच करणार.

मधल्या सुटीत दुलारी पळसाच्या पानांची छत्री करून एका मुलीला ‘उठा, लाज वाटायला हवी’ म्हणून रागावत होती. आवाज हुबेहूब. मी दुर्लक्ष केले. एकटी असताना हसले असेन.

मुली निर्भय झाल्या, हे शाळेचे पहिले फळ. सोमवारपासून मी आणायला जाणार नाही. दुलारी पुढे राहील.

५ एप्रिल

काल संध्याकाळी उदारामने स्टेशनावरून चष्मा आणून दिला. आज तो लावून सकाळी नाल्यापर्यंत गेले. मुली शिस्तीत येतात की नाही, हे लांबून पाहायचे होते.

मोठा मोह नाल्याच्या पलीकडच्या अंगाला आहे. त्याच्याखाली तो होता.

घोंगडी नव्हती. कधीच नव्हती. ते त्याचे अंग होते. लांब मळकट मुस्कट, गळ्याखाली पांढरा पट्टा, आणि पुढच्या पायांना ती नखे. झाडावरच्या रेघा मला आठवल्या. मग उदारामचा चेहरा आठवला.

मुली वळणाकडे येत होत्या. ओळीने, मान वर करून, तोंडातून ब्र न काढता. मी शिकवले होते अगदी तसेच. पुढे दुलारी, हातात पळसाची छत्री. वळणापाशी करवंदीची जाळी आहे. तिच्या अलीकडे तो, पलीकडे त्या. त्याचे तोंड फुलांत. वारा त्याच्याकडून त्यांच्याकडे. त्याला त्या ठाऊक नव्हत्या आणि त्यांना तो. ह्या गावात जन्मलेली कोणतीही अडाणी बाई आपल्या पोरीला अशी गुपचूप त्याच्या अंगावर धाडणार नाही. ते करायला पदवी घ्यावी लागते.

मी टाळ्या वाजवल्या. छत्री टाकून दोन्ही हातांनी वाजवल्या. ओरडायला तोंड उघडले, पण ‘पळा’ म्हणायचे नाही एवढे उदारामचे शहाणपण ऐनवेळी आठवले. गाणे एकही आठवेना. तोंडातून निघाले ते ‘बे एके बे’.

मुलींना सवय आहे. मी एक ओळ म्हटली की त्यांनी पुढची म्हणायची. जाळीपलीकडून उत्तर आले, ‘बे दुणे चार.’

त्याने मान वर केली. मी, ‘बे त्रिक सहा.’ त्या, ‘बे चोक आठ.’ घसा फाटेपर्यंत. मुलींना वाटले असेल, बाईंना आज काय झाले. पण पाढा कोणी चुकवला नाही. तो दोन पायांवर उभा राहिला, एकदा माझ्या बाजूला आणि एकदा त्यांच्या बाजूला नाक वळवले. मग हात टेकले आणि कचारगडाच्या दिशेने निघून गेला. दारू चढलेली नव्हती. त्याची चालच तशी आहे.

बे दाही वीस झाले तेव्हा मी नाल्याच्या काठावर मातीत बसलेली होते. दुलारीने माझी छत्री उचलून आणली.

‘बाई, तुमी टाळ्या वाजवल्या.’

‘हो.’

‘तुमीच तं नाही म्हनलं होतं.’

‘आता हो म्हणते. ओळ मोडू नका. चला.’

ह्यापुढे आज लिहीत नाही. अक्षर सरळ येत नाही, आणि वाकड्या अक्षराला मी वर्गात शून्य देते.

६ एप्रिल

दुलारीला मागे थांबवून घेतले. विचारले, तो कोण आहे ते मला कळलेले नाही, हे तुला ठाऊक होते का?

तिने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. ‘माय म्हने, बाईजवळ मंतर आहे. मले वाटलं, बाईले दिसूनच नाही राहिलं. तुमी त्याले नेसून ये म्हनलं ना, तवा.’

‘मग सांगितले का नाहीस?’

‘सांगाले त्याचं नाव घ्या लागते ना, बाई.’

ह्या उत्तरात चूक काढायला मी बराच वेळ बसले होते. घोर मूर्खपणा आहे. पूर्ण गाव एका शब्दाला भिते, त्या भीतीने मला सत्य सांगत नाही, आणि वर मंत्राचे नारळ आणून देते. नारळ मी पटलांना परत पाठवले. त्यांनी चटणी केली असे ऐकते.

पण त्या दिवशी कोणी तो शब्द मोठ्याने म्हटला असता, तर मी वळून पळाले असते. मागे मुली होत्या. हे मी अक्काला कळवणार नाही.

उद्यापासून रोज मी आणायला जाणार. चष्मा लावून. नाकावर तो असला की पाय तितकेसे पुढे पडत नाहीत, हे आज नाल्यापर्यंत जाऊन पाहिले.

१४ एप्रिल

इन्स्पेक्टर आले. गलेलठ्ठ, घामाघूम, स्टेशनापासून बंडीत झोपत आलेले. वर्ग भरलेला पाहून त्यांना वाईट वाटले असावे. पटलांना तर वाटलेच. काहीतरी विचारायचे म्हणून पाढे विचारले. मुलींनी टाळ्यांच्या ठेक्यावर असे सुरू केले, की बाहेरचे बैल उठून उभे राहिले.

‘इतक्या मोठ्याने का म्हणतात?’ त्यांनी कानावर हात ठेवून विचारले.

‘वाटेत म्हणायची सवय आहे,’ मी म्हणाले.

‘पण टाळ्या कशाला?’

‘आमच्याकडची पद्धत आहे.’

त्यांनी शेऱ्यात लिहिले आहे, की पाठांतर उत्तम, शिस्त जरा ग्राम्य. शाळा चालू राहील. बैलबंड्या बाहेर राहतील. ग्राम्य हा शब्द त्यांनी ऱ्हस्व-दीर्घाची चूक न करता लिहिला, एवढे श्रेय देते.

सकाळी मुलींना आणताना बेपासून तिसापर्यंत झाले, पावकीही निम्मी झाली. झाडाखाली फुले विरळ पडू लागली आहेत. एक वारूळ ताजे उकरलेले होते. डोकरा दिसला नाही.

त्या प्राण्याचे खरे नाव इथे लिहून हा विषय संपवावा, असे ठरवून आज वही उघडली. लिहीत नाही. श्रद्धेचा ह्यात काही संबंध नाही. मी पदवीधर आहे. पहिल्या पानावर, अक्काच्या पत्रात, ते एकदा लिहून गेले आहे, पण ते असू दे. तेव्हा मोह फुलला नव्हता.